द्रविड निवर्तलेला नाही

प्रश्न : आमच्या मंडळाच्या अंकासाठी भारतीय क्रिकेट संघाच्या प्रशिक्षकांवर लेख लिहिते आहे. ‘निवर्तमान प्रशिक्षक राहुल द्रविड यांचे उत्तराधिकारी गौतम गंभीर’ असं वाक्य केलंय. ‘उत्तराधिकारी’ ठेवू की ‘वारसदार’ करू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : उत्तराधिकाऱ्याचं नंतर बघू. आधी तो ‘निवर्तमान’ खोडा.

2024 च्या जुलैत हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. हिंदी पेपरांनी तो ‘पद सोडणारा’ या अर्थी छापला, त्यांचा हक्क आहे. पण आपली इंदूरच्या रामबागेतली, लोकमान्यनगरातली मराठी मंडळीही तोच उचलून बोलायला लागली. त्याच सुमारास पुण्याहून आत्या आली होती. सकाळी पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या आणि आमचे चिरंजीव फोनमधून मोठ्यानं वाचत होते, ‘निवर्तमान प्रशिक्षक राहुल द्रविड...’ आत्यानं जिरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, डबी खाली ठेवली नि पदर तोंडाला लावला. ‘अरे देवा! कधी? परवा तर कप हातात घेऊन ओरडत होता!’ द्रविड ठणठणीत आहे, 29 जूनला बार्बाडोसला विश्वचषक जिंकला आणि मुदत संपली म्हणून पद सोडलं, एवढं तिच्या गळी उतरवेपर्यंत चहा निवून गेला. त्यातून द्रविड जन्मानं इंदूरचा, तेव्हा हळहळ जरा जास्तच.

आत्याचं काही चुकलं नाही. मराठीत माणूस निवर्तला म्हणजे गेला. ‘वारले’ जरा घरगुती, ‘निवर्तले’ जरा अदबीचं, पण परतीचं तिकीट दोन्हीकडे नाही.

यावर ‘शब्द तत्सम आहे, मग मराठीत का नको’ असं म्हणणारे भेटतातच. मास्तरांनी शिक्षा दिली असं हिंदीत म्हटलं तर विद्यार्थी शिकला, मराठीत म्हटलं तर अंगठे धरून उभा राहिला. चेष्टा, राग, यातायात यांचीही तीच गत. चौकातल्या ‘यातायात पुलिस’च्या पाटीला मराठी डोळ्यांनी पाहून मी अजून हसतो, आणि खरं सांगायचं तर तिथला तो अर्थही काही खोटा नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक याहून पुढे गेले. त्यांची फोड अशी : नि म्हणजे नाही, म्हणून जो आता वर्तमान नाही तो नि-वर्तमान. ऐकायला झकास. मग निवास म्हणजे राहायला घर नसणं आणि निबंध म्हणजे मोकाट सुटणं असं धरायचं का, हे मी त्यांना विचारलं. तेव्हापासून ते वाचनालयात माझ्या टेबलावर बसत नाहीत. अहो, धातू वृत्, म्हणजे वळणं. नि-वृत् म्हणजे मागे वळणं, परतणं, थांबणं. निवृत्ती त्यातलीच, आणि ज्ञानोबांचे थोरले बंधूही.

आता गंमत बघा. गीतेचा पंधरावा अध्याय लहानपणी जेवणाआधी घडाघडा म्हटलेला असेल. ‘यद्गत्वा न निवर्तन्ते तद्धाम परमं मम’. जिथे गेल्यावर माणसं परत येत नाहीत, ते माझं परमधाम. म्हणजे संस्कृतात जो निवर्ततो तो परत येतो. मराठीत जो निवर्ततो तो कधीच येत नाही. शब्दानंच पाठ फिरवली!

आणि हा शब्द शेतातही होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. त्यात भिक्षूंना दोनशे ‘निवतण’ शेत दिल्याचं कोरलंय. निवतण म्हणजे निवर्तन, जमिनीचं माप. कौटिल्य तीन रज्जूंचं, म्हणजे तीन दोरांचं, एक निवर्तन सांगतो. बरं, पण दोरीनं मोजायच्या मापाला ‘मागे वळणं’ हे नाव का? इथे कोशवाल्यांचं आणि माझं जमत नाही. ते दंड आणि हात ही मापं मोजत बसतात, आणि नांगर धरल्याचं त्यांच्या बोटांवरून तरी दिसत नाही. देवासकडे आजोबांच्या शेतात मी पाहिलंय : तास, म्हणजे नांगराची एक ओळ, संपलं की आजोबा नांगर जरा उचलून धरायचे, बैल आपणहून वळायचे, आणि शेजारच्या तासानं परत यायचे. बैल जिथून वळतो, तेवढा एका दमाचा पल्ला म्हणजे निवर्तन. हा माझा तर्क आहे, कुणी मोडून दाखवावा.

या बैलाच्या हिशेबानं खरे निवर्तमान प्रशिक्षक कोण, तर जे वळून परत आले ते. रवी शास्त्री 2014 ते 2016 संघाचे संचालक होते. मग अनिल कुंबळे आले, वर्षभरात गेले, आणि 2017 मध्ये शास्त्री पुन्हा हजर, आता मुख्य प्रशिक्षक म्हणून. त्यांच्याही आधी बडोद्याचे अंशुमान गायकवाड. 1997 ते 1999 प्रशिक्षक, मग कपिल देव, आणि 2000 मध्ये कपिलनं राजीनामा दिल्यावर पुन्हा गायकवाड. हेच गायकवाड 31 जुलै 2024 ला बडोद्यात निवर्तले. या वाक्यात तो शब्द जागेवर आहे. त्याच जुलैत तो द्रविडला चिकटवत हिंडायचं म्हणजे फार झालं.

आणि एक. लेखाचा मथळा ‘प्रशिक्षकपदी खांदेपालट’ असा योजला असेल तर तोही जपून. पालखीचे भोई खांदा बदलतात, तसेच तिरडीचेही. निवर्तमान आणि खांदेपालट एका ओळीत आले की आत्याला आवरणं कठीण.

मग लिहायचं काय? मावळते प्रशिक्षक. मावळता सूर्य उद्या उगवतो, म्हणून कुणी पदर तोंडाला लावत नाही. साहित्य संमेलनात मावळते अध्यक्ष नव्यांकडे सूत्रं देतात. आपल्याकडे 2001 मध्ये विजया राजाध्यक्ष अध्यक्ष झाल्या तेव्हा शब्द हाच होता.

हां, तुमचा उत्तराधिकारी. तो गादीला किंवा मठाला असतो, होळकरांना शोभला असता. वारसदार सातबाऱ्यावर. गंभीर ‘द्रविडच्या जागी’ आला, एवढं पुरे. तेही नेमकं लिहा : जुलैतल्या झिंबाब्वे दौऱ्यावर व्ही. व्ही. एस. लक्ष्मण होता, त्याला ‘बदली’ म्हणा, आणि गंभीर श्रीलंकेच्या दौऱ्यापासून.