गॅरेजवाल्याचं ‘बघतो’ आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न: रत्नागिरीत समुद्राजवळ राहतो. गाडी पेट्रोलची, ऑगस्ट 2011 ची, घरच्या वापराची. गंजलेली फ्युएल लाईन (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारा पाइप) बदलायला 14 जून 2024 रोजी गॅरेजला यूपीआयने 9,500 रुपये दिले. त्यांनी वहीच्या पानावर ‘फ्युएल लाईन बदलली’ लिहून सही केली. 3 सप्टेंबरला पेट्रोल गळू लागलं. खाली वाकून पाहिलं तर मधला हातभर तुकडा कापून रबरी पाइप घातलेला आणि दोन क्लिपा. मालक तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघतो, करून देतो’ म्हणतात. गाडी उभी आहे. आता नोटीस पाठवावी का? गाडीची किंमत मागता येईल का?

उत्तर: नोटिशीचं नंतर बघू. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 म्हणतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं सगळं प्रकरण या एका कलमावर उभं आहे. पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजलं तर मुदत 14 जून 2026 ला संपते. तो रविवार, आदला दिवस दुसरा शनिवार. म्हणजे तुमच्यासाठी शेवटची तारीख शुक्रवार, 12 जून. गळती 3 सप्टेंबरला कळली म्हणून मुदत तिथून धरा, असा युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळही नाही. पण हातात दिवस असताना युक्तिवादाच्या भरवशावर का राहायचं?

‘करून देतो’ या निरोपांनी मुदत वाढत नाही. तुम्ही आणखी दहा पत्रं पाठवलीत तरी वाढत नाही. असल्या गोड बोलण्यावर लोक वीस-वीस महिने काढतात आणि मग वकिलाकडे धावतात. पुरेसं कारण दिलं तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, पण ‘मालकावर विश्वास ठेवला’ हे पुरेसं कारण मानलं जाईलच असं नाही. नोटीस सक्तीची नाही. पाठवायची तर सात दिवसांची पाठवा आणि तक्रारीचा मसुदा त्याच दिवशी सुरू करा.

तक्रार ई-जागृती या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून रत्नागिरी जिल्हा आयोगात करता येते. गॅरेजला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. छापील बिल नाही म्हणून घाबरू नका: सही असलेलं पान आणि यूपीआयची नोंद पुरते. उलट रीतसर पावती न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहा.

आता पुरावा. वहीत ‘लाईन बदलली’, गाडीखाली जोड. ही तफावतच तुमची केस आहे, म्हणून तो जोड जपा. तुमच्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीत (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) पंप साधारण तीन बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा रबरी पाइप तिथे टिकत नाही. शिवाय स्क्रूने आवळायच्या, चिरा पाडलेल्या पट्टीच्या क्लिपा रबरात रुततात. कापलेल्या लोखंडी पाइपच्या तोंडाला उठाव दिलेला नसेल, तर रबर दाबाने सरकतं. यातलं नेमकं काय झालं ते तुकडा पाहूनच कळेल. म्हणून क्लिप सैल करू नका. आधी फूटपट्टी ठेवून फोटो काढा आणि रबरावर छापलेली अक्षरंही टिपा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, टाकीतलं पेट्रोल उघड्यावर उपसून, दोन्ही बाजूंना वीतभर लोखंडी पाइप ठेवून जोड कापून घ्या. पाइप कटर वापरा, ग्राइंडर नको. ठिणगी उडाली तर पुराव्यासकट गाडी जाईल. मालकाला तारीख लेखी कळवून बोलवा, नाही आले तर त्यांची मर्जी. तुकडा बंद डब्यात ठेवा, हजर असलेल्यांच्या सह्यांसकट. पाइपाची तपासणी लागली तर कलम 38 खाली आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

‘इथेनॉलने रबर खाल्लं’ हा बचाव गॅरेजकडून येईल. 2024 मध्ये पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळत होतं. पाइप गॅरेजने निवडला, तर त्याला ते सोसेल की नाही हे पाहणं त्यांचंच काम होतं. तज्ज्ञाचा अहवाल कोणत्या बाजूला झुकेल, ते आज सांगता येत नाही.

गाडीची किंमत विसरा. दिलेले पैसे, टाकी ते इंजिन लाईन नव्याने टाकण्याचा खर्च, ओढून नेण्याचं भाडं, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागा. पुरवठ्याचा, वाफेचा आणि असला तर परतीचा असे सगळे पाइप एकदमच तपासून घ्या. पाइप गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांखाली चिखल आणि खारट ओल साचते, गंज तिथूनच धरतो. नुसता तांब्याचा पाइप टाकू देऊ नका, थरथरीने तो तडकतो. इतके महिने गाडी उभी राहिल्याचं भाडं मिळणं कठीण, कारण नुकसान कमी करणं तुमच्याही हातात होतं.

कायद्यात निकालाला तीन महिने, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतच राहतात, त्यामुळे निकालासाठी गाडी अडवून ठेवू नका. तुकडा सीलबंद झाला की दुरुस्ती उरकून घ्या, कारण ऑगस्ट 2026 मध्ये गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपते आणि नूतनीकरणाला ती तपासणीत उभी करावी लागेल.