वारे वाढले की समुद्राचे मोठे प्रवाहही तितकेच वाढतात का? भोवऱ्यांचा त्यात काय संबंध?

मोठे प्रवाह वारा चालवतो, मग वारा वाढला की प्रवाहही वाढणार, असा तुमचा तर्क आहे. मी समुद्राच्या संगणकी प्रारूपांवर काम करतो आणि सुरुवातीची बरीच वर्षं मलाही हेच वाटायचं. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं मात्र नेहमी लागू पडत नाही.

वारा पाण्याला आपल्या दिशेने सरळ ढकलत नाही. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज 1893 ते 1896 अशी तीन वर्षं उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकून वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या थोडा उजवीकडे सरकतो, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमन याने 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरच्या थरातलं पाणी एकंदरीत वाऱ्याशी काटकोनात जातं, उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. त्यामुळे कुठे पाणी साचतं, कुठे ओसरतं, समुद्राच्या पातळीला बारीकसा उतार येतो आणि त्या उताराच्या आधाराने महासागरभर पसरलेली चक्रं फिरतात.

भोवऱ्यांचं काम बघायचं तर अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह घ्या. पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालणारा हा एकमेव मोठा प्रवाह, कारण दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीच्या अक्षांशांवर त्याला अडवायला जमीनच नाही. जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं पाणी समुद्रात आणतात, त्याच्या शंभरपटीहून जास्त पाणी तो वाहून नेतो. तिथे पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे वरचं पाणी उत्तरेकडे लोटतात, त्याच्या जागी खोलातलं जड पाणी वर येतं. परिणामी, खाली जड आणि वर हलकं असे आडवे असायला हवेत ते पाण्याचे थर तिरके होतात. या तिरकेपणात प्रचंड ऊर्जा साठते.

ती ऊर्जा मोकळी करतात भोवरे. थर फार तिरके झाले की प्रवाह अस्थिर होतो, नागमोडी वळणं घेतो, वळणं तुटून त्यांचे भोवरे होतात आणि ते थरांना पुन्हा आडवं करू पाहतात. एकेक भोवरा दहा-वीस किलोमीटरपासून शे-दोनशे किलोमीटर रुंद असतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय वाऱ्याने वर दिलेला रेटा हे भोवरे खाली तळापर्यंत पोचवतात. तिथे समुद्रतळावरचे डोंगर तो अडवतात. या प्रवाहाचा खरा ब्रेक तो.

हे मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तो दिवस अजून आठवतो. प्रारूपात समुद्र चौकटींमध्ये विभागलेला असतो. शंभर किलोमीटरच्या चौकटींच्या प्रारूपात हा प्रवाह इस्त्री केलेल्या पट्ट्यासारखा दिसत होता. त्यात भोवरे मावतच नाहीत, त्यांचा परिणाम सूत्राने घालावा लागतो. दहा किलोमीटरच्या चौकटी घेतल्या आणि तोच पट्टा पिळवटलेल्या दोरखंडासारखा उलगडला, कडेने भोवरे सुटत होते. मग वारा वाढवून पाहिला. प्रवाह जेमतेम वाढला, भोवरे मात्र दाटले. वाऱ्याची जादा ऊर्जा त्यांच्यात गेली होती. खऱ्या समुद्रातही हीच दिशा दिसते. गेल्या काही दशकांत तिथले वारे वाढलेत, उपग्रहांना भोवऱ्यांची ऊर्जा वाढलेली दिसते, पण थरांचा तिरकेपणा वाऱ्याच्या मानाने फारसा बदललेला नाही.

पण म्हणून ‘वाऱ्याने काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नका, ही चूक फार होते. पूर्वेकडे किती पाणी वाहतं हा एक प्रश्न आणि खोलातलं किती पाणी वर येतं हा दुसरा. दुसऱ्या बाबतीत वाऱ्याने उत्तरेकडे लोटलेल्या पाण्याची भरपाई भोवरे काही अंशीच करतात, पूर्ण नाही. म्हणजे वारा वाढला तर खोलातलं, जुना कार्बन घेऊन असलेलं पाणी जास्त वर येऊ शकतं. हवामानाच्या दृष्टीने मला प्रवाहाच्या वेगापेक्षा याची काळजी जास्त वाटते.