उत्तर: एनओसी मिळत नाही म्हणून स्पेस वेदरचं (सूर्यामुळे अंतराळात आणि पृथ्वीभोवती होणाऱ्या घडामोडींचं) काम थांबवू नकोस

तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. बीएस्सी फिजिक्स, नांदेड, सौर वादळांवर समर प्रोजेक्ट करायचंय आणि त्यासाठी लागणारं ना-हरकत पत्र (एनओसी) मागितलं तर कॉलेजचं ऑफिस म्हणतंय "असलं पत्र आम्ही देत नाही". माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त गाव वेगळं.

आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्था, पनवेलची भूचुंबकत्व संस्था, सायन्स अकादम्यांची समर फेलोशिप ही नावं तुला माहीत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. पात्रता प्रत्येक जाहिरातीत नीट वाच, कुठे एमएस्सीच लागतं कुठे बीएस्सी चालतं, आणि माझ्या वेळचे नियम आता तसेच असतील असं नाही.

मला सगळ्यात महाग पडलं ते ऑफिस. सिलेक्शन झालेलं, गाइड ठरलेले, संस्थेला फक्त कॉलेजचं ना-हरकत पत्र हवं होतं. आधी म्हणाले विभागप्रमुखांची सही आणा, ती आणली तर प्राचार्य मीटिंगला, मग म्हणे विद्यापीठाचं परिपत्रक दाखवा, शेवटी "असा फॉरमॅटच नाही आमच्याकडे". पत्र हातात आलं तोवर जॉइनिंगची तारीख उलटून गेलेली आणि माझी जागा वेटिंगवाल्याला गेली. त्या पत्रात तीन ओळी होत्या हो, तीन! एका पोराचं वर्ष जातंय याचं कुणाला काहीच वाटत नाही याचा मला आजही संताप येतो.

म्हणून सिलेक्शनची वाट न बघता अर्ज भरतानाच पत्र माग. मसुदा स्वतः टाइप करून ने, त्यात तारखा आणि "महाविद्यालयावर कोणतीही आर्थिक जबाबदारी नाही" हे वाक्य असू दे, निम्मी भीती तिथेच संपते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

आणि मधल्या काळात काम सुरू कर, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. १७ मार्च २०१५ चं सौर वादळ घे. इंटरमॅग्नेट या जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यावर अलिबाग वेधशाळेचा डेटा आहे, क्योटो विद्यापीठाचा डीएसटी इंडेक्स (वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं त्याचा आकडा, जितका उणे तितकं वादळ मोठं) फुकट मिळतो, सौर वाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाचा डेटा नासाच्या ओम्नीवरून घे. सौर वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळून तसंच टिकलं की पृथ्वीभोवती फिरणारा विद्युतप्रवाह म्हणजे रिंग करंट वाढतो आणि अलिबागसारख्या कमी अक्षांशावर एच कंपोनंट (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक) खाली जातो, हे तिन्ही आलेख एकाखाली एक लावले की स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. दोन गोष्टी सांभाळ. डेटा युटीमध्ये म्हणजे जागतिक वेळेत असतो, आपली वेळ साडेपाच तास पुढे. आणि वादळ नसलेल्या दिवशीही दुपारच्या सुमाराला एच वर चढतो, तेव्हा जवळचा एखादा शांत दिवस निवडून त्याची वक्ररेषा वजा कर, नाहीतर रोजचाच चढउतार वादळाच्या खात्यात जमा होईल. ते जमलं की मे २०२४ चं घे, त्यात डीएसटी उणे ४०० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास गेला होता. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानाचा डेटाही इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहे पण माझं मत विचारशील तर सुरुवात त्याने नको, फाइल्स समजून घेण्यातच जीव जातो.

अलिबागच का म्हणतेय, तर ही मालिका आपल्याच दारातली आहे. आधी वेधशाळा कुलाब्याला होती, १८५९ च्या कॅरिंग्टन वादळाची (नोंदलेल्या सर्वांत मोठ्या सौर वादळांपैकी एक) नोंद तिथे झाली, मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने चुंबकीय मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला हलवलं. एवढा जुना वारसा शेजारी असून आपल्या कॉलेजांत त्याचा उल्लेखही होत नाही, याचं वाईट वाटतं.

मग एकाच संशोधकाला, त्यांचा निदान एक पेपर वाचून, तो आलेख जोडून मेल कर. पन्नास जणांना तोच मजकूर पाठवलेला लगेच कळतो. उत्तर येईलच असं नाही, पण आलेख असलेला मेल लोक उघडून बघतात. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसापेक्षा ज्यांनी तुला प्रॅक्टिकलला पाहिलंय त्या मॅडम-सरांकडून घे. आणि पैसे भरून "स्पेस इंटर्नशिप"चं सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नकोस, अर्ज बघणाऱ्याला त्याची किंमत शून्य असते.

पहिला आलेख झाला की इथेच टाक, कोणता शांत दिवस घेतलास तेही लिही, मी बघून सांगते.