‘बॅटरीचा रिकॉल झालाय’ असं सांगितलं तर आधी नंबर विचारा

तुम्ही लिहिलंय की २०२० ची क्रायस्लर पॅसिफिका प्लग-इन हायब्रिड सेकंडहँड घेतली, ‘गाडी बाहेर, घरापासून लांब लावा, चार्ज करू नका’ असं पत्र आलं, आणि डीलर म्हणतो की आधीच्या मालकाने बॅटरीचा रिकॉल (दोष निघाल्यावर कंपनी गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करते तो) करून घेतलाय, पत्र जुन्या यादीवरून आलं असेल. हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. आमची २०१८ ची होती. न्यू जर्सीतल्या एका डीलरने (नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको) २०२२ मध्ये आम्हाला जवळजवळ हेच ऐकवलं होतं.

साइटवर व्हिन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख नंबर) टाकून बघणं, पत्त्याची नोंद बदलणं हे सगळं तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही.

या गाडीला एकच ‘बॅटरीचा रिकॉल’ नाही, गोंधळ तिथूनच सुरू होतो. जून २०२० मध्ये एक आला, २०१७ ते २०२० च्या मॉडेलांसाठी. तो साध्या १२ व्होल्ट बॅटरीच्या जोडणीचा होता, तिथे गरम होऊन आग लागू शकते म्हणून. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठ्या, म्हणजे हाय-व्होल्टेज बॅटरीचा आला, सरकारी नंबर २२व्ही-०७७, फक्त २०१७ आणि २०१८ च्या गाड्यांसाठी. जानेवारी २०२३ मध्ये ट्रान्समिशनमधल्या वायरिंग कनेक्टरचा, ज्याने चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं. आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा हाय-व्होल्टेज बॅटरीचा, २४व्ही-५३६, या वेळी २०१७ ते २०२१ पर्यंतच्या गाड्या, अमेरिकेत साधारण १९,५००. तुमची गाडी २०२० ची. म्हणजे आधीच्या मालकाने ‘बॅटरीचा’ म्हणून जो करून घेतला असेल तो बहुतेक १२ व्होल्टवालाच. २०२२ चा तुमच्या मॉडेलला लागूच नव्हता. २०२४ चा झालाय की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि चार्ज करू नका म्हणणारं पत्र हातात आहे म्हणजे तो झालेला नाही असंच धरून चाला.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. काउंटरवरच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने स्क्रीनवर जुनी नोंद बघितली, ‘बॅटरी रिकॉल, कम्प्लिटेड’, आणि हसतमुखाने सांगितलं की काही करायचं उरलं नाही. मी पत्र पुढे केलं तर म्हणाला, कंपनी सरसकट सगळ्यांना पाठवते. पत्रावरचा नंबर आणि त्याच्या स्क्रीनवरचा नंबर जुळवून बघायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. बघितला नाही. वर वॉर्निंग लाइट कधी लागतो का विचारलं आणि डायग्नोस्टिकचे पैसे लावायची तयारी! रिकॉलच्या कामाला ग्राहकाला एक सेंटही लागत नाही हे कायद्यातच आहे. गाडी पंधरा वर्षांच्या आतली असली की झालं.

पण खरा फटका पैशांचा नव्हता. त्या दिवशी त्यांनी रिपेअर ऑर्डरच (गाडी कामाला आल्याची लेखी नोंद) उघडली नाही. ‘कामच नाही तर कागद कशाला.’ मग चूक झाल्याचं त्यांना कळलं, तोवर अपॉइंटमेंटची रांग लागलेली. त्यांचा हायब्रिड करणारा टेक्निशियन दुसरीकडे गेलेला. मी फोनवर फोन केले, दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात कळवतो.’ शेवटी मॅनेजरपर्यंत पोचले तेव्हा तो म्हणतो, आमच्या सिस्टिममध्ये तुम्ही गाडी आणल्याची नोंदच नाही. गाडी त्यांच्या दारात उभी करून आले होते मी! अजूनही डोकं तापतं.

ही नोंद का महत्त्वाची ते सांगते. (मी वकील नाही. भांडायची वेळ आली तर वकिलाला विचारा, बऱ्याच जागी लेमन लॉवाले, म्हणजे सदोष गाड्यांचे खटले घेणारे वकील, पहिलं बोलणं फुकट करतात.) संघराज्याच्या कायद्यात असं आहे की गाडी रिकॉलसाठी हजर केल्यापासून ६० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्त केली नाही असं प्रथमदर्शनी मानलं जातं, आणि मग गाडी बदलून देणं किंवा घसारा वजा करून पैसे परत देणं हा विषय टेबलावर येतो. तो ‘हजर केल्याचा’ पुरावा म्हणजे तारीख आणि ओडोमीटर लिहिलेला डीलरचा कागद. फोन कॉलने हे सिद्ध होत नाही. आमचा पुरावा त्या हसऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी घालवला.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा तोंडी ‘बॅटरीचा रिकॉल’ म्हणूच नका. ‘२४व्ही-५३६ करायला आणलीय’ असं म्हणा आणि रिपेअर ऑर्डरवर तोच नंबर लिहून घ्या. कंपनीचा स्वतःचा वेगळा कोड असतो, तो पत्रावर असेल, तोही लिहू दे. ते म्हणाले की आज करू शकत नाही, तरी चालेल, पण ‘गाडी आणली, आज काम झालं नाही, कारण अमुक’ एवढं कागदावर पाहिजे. नाहीच दिलं तर दारातूनच त्यांना ईमेल करा, गाडी त्यांच्या लॉटमध्ये उभी असल्याचा फोटो जोडून. किती वजन पडेल माहीत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. एनएचटीएसएची (रिकॉल बघणारं अमेरिकेचं सरकारी वाहन-सुरक्षा खातं) व्हिन तपासणी फक्त न झालेले रिकॉल दाखवते, तेव्हा त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. डीलरने चुकून काम झाल्याचं नोंदवलं की तिथून तो गायब.

माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: जवळचा डीलर हा काही गुण नाही, आणि विकत घेतली तिथेच न्यायला हवी असंही नाही. त्या ब्रँडच्या कुठल्याही अधिकृत डीलरने रिकॉल करून द्यायचा असतो. आम्ही शेवटी लांबच्या एका ठिकाणी गेलो. फोनवर एकच प्रश्न विचारला होता, हाय-व्होल्टेज काम करणारा टेक्निशियन कोणत्या वारी असतो? ज्यांना पटकन उत्तर देता आलं त्यांच्याकडे नेली. बॅटरी तपासली, सॉफ्टवेअर टाकलं, संपलं. पॅकमध्ये दोष निघाला तर तो बदलून देतात, आमचा निघाला नाही. तुमचा निघाला तर मात्र पॅक यायला किती वेळ लागेल ते तिथेच विचारून घ्या.

लोनर गाडीबद्दल, म्हणजे काम होईपर्यंत डीलर वापरायला देतो ती: ती द्यायलाच हवी असा कायदा नाही, त्यामुळे डीलरशी त्यावरून वाद घालू नका. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा, केस नंबर घ्या आणि घरात लहान मुलं-म्हातारी माणसं आहेत, गाडी रोज लागते हे स्पष्ट सांगा. आम्हाला मिळाली होती. सगळ्यांनाच मिळते असं नाही म्हणत. आणि एनएचटीएसएकडे तक्रार जरूर नोंदवा. ते तुमचं वैयक्तिक भांडण सोडवत नाहीत, पण २०२४ सारखा रिकॉल निघतो त्यात अशा तक्रारींचा वाटा असतो.

वर एकांनी सल्ला दिलाय की ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा, काही होत नाही. कृपा करून ऐकू नका. २०२२ च्या रिकॉलमागे बारा आगी होत्या. सगळ्या गाड्या बंद करून उभ्या होत्या, त्यातल्या आठ प्लगला लावलेल्या. म्हणजे चार नव्हत्या! नुसता प्लग काढून गराजमध्ये लावणं हाही उपाय नाही, हे या आकड्यातच दिसतं. पॅक रिकामा असेल तर धोका कमी, असं कंपनीच सांगते. तेव्हा आहे तो चार्ज चालवून संपवा आणि पेट्रोलवर वापरा. गॅलनला ३० मैलांच्या आसपास मायलेज देते, ३२ मैलांची इलेक्ट्रिक रेंज तूर्त विसरा. आमच्या गराजच्या वरच सासूबाईंची खोली होती, त्यामुळे मला हा विषय जरा जास्तच झोंबतो.

टाऊनहाऊस असेल तर आणखी एक भानगड. आमच्या घरमालकांच्या असोसिएशनने रात्री पाहुण्यांच्या जागेत गाडी लावल्याची नोटीस पाठवली होती. वाद न घालता रिकॉलचं पत्र आणि एनएचटीएसएचं पान छापून दिलं, ‘गाडी इमारतीपासून लांब लावा’ ही ओळ मार्करने रंगवून. गप्प बसले. इन्शुरन्सवाल्यांना मी काही कळवलं नव्हतं, कळवायला हवं होतं का ते जाणकारांनी सांगावं.

ज्या यूज्ड कार लॉटवरून घेतली त्यांच्यावर चिडून फारसं हाती लागणार नाही. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला संघराज्याच्या कायद्याने बंदी नाही. नवी विकता येत नाही, आणि २०१६ पासून मोठ्या रेंटल कंपन्यांना ती भाड्याने देता येत नाही, पण यूज्ड लॉट मोकळे. तुमच्या राज्यात काही वेगळं असेल तर बघा. आधीच्या मालकाने याच रिकॉलच्या दोषासाठी खिशातून काही काम केलं असेल तर भरपाईची तरतूद असते, पण ती पैसे भरणाऱ्याला, तुम्हाला नाही.

आता तुमची जुनी पावती काढा. आधीच्या मालकाच्या कागदांत २०२० किंवा २०२१ ची तारीख दिसली तर ते १२ व्होल्टचंच काम, काउंटरवर तो कागद दाखवायचा आणि २४व्ही-५३६ वेगळा आहे म्हणून सांगायचं. ट्रान्समिशनवाला बाकी आहे का तेही त्याच फेरीत विचारा, नाहीतर परत जावं लागेल. पावतीवर काय निघालं ते आणि डीलरने रिपेअर ऑर्डर दिली का ते इथे कळवा. फक्त पूर्ण व्हिन टाकू नका, मॉडेलचं वर्ष पुरे.