डोपिंगमुळे ऊर्जाफट कमी होते का?

प्रश्न : सिलिकॉनमध्ये किंचित फॉस्फरस मिसळला की त्याची वाहकता वाढते, असे पाठ्यपुस्तकात आहे. त्याअर्थी संयुजा पट्टा आणि वहन पट्टा यांच्यामधली ऊर्जाफट कमी होत असली पाहिजे ना?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही, नेहमीच्या प्रमाणातील डोपिंगने, म्हणजे अशा किंचित मिसळणीने, ही फट बदलत नाही. बंधांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचा तो संयुजा पट्टा, मोकळे फिरून वीज वाहणाऱ्यांचा तो वहन पट्टा, आणि या दोहोंमधले ऊर्जेचे अंतर म्हणजे ऊर्जाफट. सिलिकॉनमध्ये ती खोलीच्या तापमानाला सुमारे १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) असते आणि स्फटिकातील अणूंच्या रचनेवरून ठरते. दर ५० लाख अणूंमागे एक अणू फॉस्फरसचा आला, तरी ती रचना जवळजवळ अबाधित राहते. बदल घडतो तो फटीच्या आत.

फॉस्फरसच्या पाच संयुजा इलेक्ट्रॉनांपैकी चार शेजारच्या सिलिकॉन अणूंशी बंध जोडण्यात गुंततात. पाचवा इलेक्ट्रॉन, हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनाप्रमाणे, एका धन प्रभाराभोवती राहतो. मात्र भोवतालचे सिलिकॉन हे आकर्षण सुमारे १२ पटींनी क्षीण करते, शिवाय स्फटिकात इलेक्ट्रॉनाचे परिणामी वस्तुमानही (स्फटिकात हलताना तो जितका जड भासतो ते) कमी असते. म्हणून हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर येथे केवळ ०.०४५ पुरतात. वहन पट्ट्याच्या तळाखाली एवढ्याच अंतरावर जी नवी पातळी तयार होते, तिला दाता पातळी म्हणतात. हायड्रोजनचे गणित घन पदार्थातही इतके जवळचे उत्तर देते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर स्थळ वाटते.

खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ०.०४५ पेक्षा कमीच असते. तरीही वहन पट्ट्यातील रिकाम्या अवस्थांची (इलेक्ट्रॉनाला राहता येईल अशा जागांची) संख्या दात्यांच्या तुलनेत प्रचंड असल्याने जवळपास सर्व दाते आपला इलेक्ट्रॉन सोडून देतात. शुद्ध सिलिकॉनच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे १,००० कोटी मुक्त इलेक्ट्रॉन असतात. वर सांगितलेल्या डोपिंगनंतर ते साधारण १० लाख पट होतात, आणि फर्मी पातळी (जिथली अवस्था भरलेली असण्याची शक्यता निम्मी असते ती ऊर्जा) फटीच्या मध्यापासून सुमारे ०.३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर सरकते. तीनच संयुजा इलेक्ट्रॉन असलेले बोरॉन मिसळल्यास इलेक्ट्रॉन स्वीकारणारी ग्राही पातळी संयुजा पट्ट्याच्या किंचित वर येते, होल (इलेक्ट्रॉन नसलेल्या रिकाम्या जागा) वाढतात आणि फर्मी पातळी खाली उतरते.

तुमची शंका अगदीच निराधार मात्र नाही. दर १४ हजार अणूंमागे एक, इतक्या दाटीने फॉस्फरस भरला की दात्यांच्या कक्षा एकमेकींत मिसळतात, दाता पातळी रुंदावून स्वतःच पट्टा बनते आणि पुढे वहन पट्ट्याला जाऊन मिळते. तेव्हा ऊर्जाफट खरोखर थोडी अरुंद होते, आणि ट्रान्झिस्टरच्या भारी डोपिंग केलेल्या उत्सर्जकात (प्रभारवाहक पुरवणाऱ्या भागात) या अरुंदपणामुळे विवर्धन (संकेत मोठा करण्याची क्षमता) घटत असल्याने रचनाकारांना तो हिशेबात घ्यावाच लागतो.