केकच्या इंग्रजी रेसिपीत डार्क ब्राउन शुगर, मोलॅसेस, गोल्डन सिरप असं काय काय लिहिलेलं असतं. त्याऐवजी गूळ किंवा काकवी चालेल का? प्रमाण किती घ्यायचं?

चालेल, पण गोडी जुळवत बसू नका, आधी पाणी जुळवा. बहुतेक केक बिघडतात ते पाण्याचा हिशोब चुकल्यामुळे.

ब्राउन शुगर म्हणजे पांढरी साखर आणि तिच्यावर मोलॅसेसचा, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या दाट पाकाचा, लेप. फिकट असेल तर मोलॅसेस साधारण साडेतीन टक्के, गडद असेल तर साडेसहा टक्के. घरी करायची असेल तर 200 ग्रॅम साखरेत एक मोठा चमचा (सुमारे 20 ग्रॅम) मोलॅसेस बोटांनी चोळून मिसळा, गडद हवी असेल तर दोन चमचे. मात्र ते खाण्यायोग्य म्हणून बाटलीत विकलं जाणारं मोलॅसेसच हवं. साखर कारखान्याची मळी डिस्टिलरीसाठी असते, ती स्वयंपाकघरात आणू नका. बाटलीवर ब्लॅकस्ट्रॅप लिहिलेलं असेल तर ते शेवटच्या उकळीनंतर उरलेलं, कडवट असतं. ते निम्मंच घ्या.

दुकानातल्या ‘ब्राउन शुगर’च्या पुड्यात पुष्कळदा मोठ्या दाण्यांची डेमेराराच निघते. चिमूटभर मुठीत दाबून बघा. ओल्या वाळूसारखी गोळा झाली तर खरी मऊ ब्राउन शुगर, सुटी राहिली तर डेमेरारा. डेमेराराचे दाणे लोण्यात नीट विरघळत नाहीत. ती मफिनवर भुरभुरायला उत्तम, पिठात घालायची तर मिक्सरमधून काढून घ्या. मस्कोवाडो नावाच्या गडद साखरेत मोलॅसेस मुळातच राहू दिलेलं असतं, त्यामुळे ती जास्त ओलसर आणि वासाला दमदार. आपल्या गुळाच्या सगळ्यांत जवळची तीच.

आता गूळ. ब्राउन शुगरच्या जागी वजनाला वजन घ्या, कपाने मोजू नका. दाबून भरलेली ब्राउन शुगर कपात 200 ग्रॅमच्या पुढे जाते, किसलेला गूळ त्याच कपात बराच कमी बसतो. गुळात ब्राउन शुगरपेक्षा ओल जास्त असते, म्हणून 200 ग्रॅम गुळामागे दूध मोठा चमचाभर कमी करा. गुळपोळीला नको म्हणतात तो चिक्कीचा गूळ इथेही नको. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण केकला रंग आणि वास देतो तो गडद तपकिरी.

गूळ आणि लोणी फेटून हलका स्पंज मिळेल ही आशा सोडा. साखरेचे टोकदार कण लोण्यात हवा कोंडतात. गूळ चिकट, त्याला ते जमत नाही. म्हणून गुळाला तेलाचा किंवा वितळवलेल्या लोण्याचा केक द्यावा. बिनअंड्याचा सात इंची केक मी या मापाने सांगेन: 120 ग्रॅम मैदा, 80 ग्रॅम कणीक, 180 ग्रॅम गूळ, 80 मिली पाणी, 150 ग्रॅम दही, 90 मिली तेल, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमच्याहून किंचित जास्त सोडा. गूळ पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवा. उकळू दिलात तर पाक होतो आणि केक चिवट. मग गाळा (तळाशी काय काय निघतं ते बघाच), कोमट होऊ द्या आणि दही-तेलात मिसळा. कोरडे जिन्नस चाळून घाला, जेमतेम ढवळा, 170 अंशांवर 40 ते 45 मिनिटं भाजा. दह्याऐवजी दूध घेणार असाल तर गुळाचं पाणी पूर्ण गार करा, गरम असेल तर दूध नासतं.

तापमान नेहमीच्या 180 वरून खाली आणायचं कारण असं: गुळात, काकवीत आणि मधात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपासच करपायला लागतं. म्हणून केक वरून काळा आणि मधे कच्चा राहतो. रंग लवकर चढला तर अर्ध्या तासानंतर वर फॉइल ठेवा.

काकवी म्हणजे मोलॅसेस नव्हे. गूळ होण्याआधीच काहिलीतून उतरवलेला रस तो, त्यातून साखर काढून घेतलेली नसते. त्यामुळे चव सौम्य, गोडी भरपूर, आणि पाणी साधारण 30 टक्के. 200 ग्रॅम साखरेची रेसिपी असेल तर निम्मीच बदला: 100 ग्रॅम साखर, 140 ग्रॅम काकवी, आणि दुधातून 40 मिली वजा. सगळी साखर काकवीने बदललीत तर केक मधे बसतो आणि तळाला गिचका होतो. गोल्डन सिरपच्या (साखरेच्या सोनेरी, दाट पाकाच्या) जागी काकवी छान चालते, फक्त ती पातळ असते, म्हणून मंद आचेवर थोडी आटवून घ्या.

मोलॅसेसच्या जागी मात्र काकवी फिकी पडते. जिंजरब्रेडला (आल्याच्या मसालेदार केकला) तो कडवट गडदपणाच हवा असतो. तिथे मी गोव्याकडचा माडाचा काळा गूळ सुचवेन, दोदोल या तिकडच्या मिठाईत घालतात तो. त्याला धुराची छटा आणि किंचित खारटपणा असतो, म्हणून रेसिपीतलं मीठ चिमूटभर कमी करा.

सोड्याचा मोह आवरा. हे सगळे पदार्थ थोडे आम्लधर्मी, त्यामुळे थोडा सोडा लागतो. जास्त झाला तर केक लालसर-काळा होतो आणि जिभेला साबणासारखं लागतं. केक कापल्यावर आत काळे ठिपके आणि भोवती पोकळी दिसली तर दोष सोड्याचा नाही, गुळाचे खडे राहिलेत.

कुकीजमध्ये ओलसर साखर म्हणजे मऊ, चावायला चिवट कुकी. नानकटाई खुसखुशीतच हवी, तिथे काकवी नको. कोरडी गूळ पावडर चाळून घ्या, पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, 160 अंशांवर भाजा. मेरिंग (फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा फेस) आणि जेनोईज (फेटलेल्या अंड्यांवर फुलणारा हलका स्पंज) यांना पांढरी साखरच.