पदवीचं नाव राहू दे, विषयांची यादी दाखव

ब्रिटनमधल्या एका आईचं पत्र आलंय. थोडी काटछाट करून देते.

‘लेक ए-लेव्हलच्या (म्हणजे इकडच्या बारावीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. इतके दिवस बायोलॉजी म्हणत होती, आता म्हणते सोशिऑलॉजी करायचं आणि त्याच्याच जोडीला ग्लोबल पॉलिटिक्स अँड इंटरनॅशनल रिलेशन्स. ह्यांचं म्हणणं, एक तरी विषय धड घे, हे अर्धं अर्धं काय? मला नोकरीची काळजी. गेल्या वर्षी सासूबाईंना कायमचं इकडे आणायचा आमचा अर्ज नाकारला गेला, तेव्हापासून हे तिच्या डोक्यात शिरलंय. काय करावं?’

ताई, आधी तुमच्या ह्यांचं उत्तर, कारण त्यांची शंका रास्त आहे. दोन विषयांच्या पदवीत मूल दोन्ही घरचं पाहुणं होण्याचा धोका असतोच. विभाग दोन, वेळापत्रकं दोन, निबंध लिहिण्याच्या तऱ्हाही दोन. मी बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवलं, अशी मुलं दरवर्षी वर्गात असायची. त्यातली एक अजून आठवते. एकाच सत्रात तिने निर्वासितांवर दोन निबंध लिहिले, एक राजकारणाच्या विभागासाठी आणि एक माझ्यासाठी. तिकडच्या शिक्षकांनी समासात लिहिलं होतं, ‘निर्णय कोणाचा? कुठल्या सरकारचा, कुणाच्या दबावाखाली?’ माझा शेरा होता, ‘ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यातला एक तरी माणूस या पानांत कुठे आहे?’ दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, ‘तुम्ही दोघं एकदा आपसात ठरवा ना.’

ठरवायचं तिचं तिलाच होतं. हे तिला उमगायला दुसरं वर्ष उजाडलं, आणि त्यानंतरचे तिचे निबंध वाचायला मला मजा येऊ लागली.

या दोन विषयांचं मूळच वेगळं. समाजशास्त्र वाढलं ते कारखाने, शहरं आणि त्यांनी उलथून टाकलेली नाती समजून घेताना. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केमने १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अगदी खासगी वाटणाऱ्या कृतीचे आकडे देश, धर्म, लग्न यांनुसार लावून पाहिले आणि त्यात ठरावीक घडण आहे हे दाखवलं. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय विद्यापीठात आला तो पहिल्या महायुद्धाच्या धक्क्याने. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला १९१९ मध्ये त्याचं पहिलं अध्यासन सुरू झालं, आणि प्रश्न एकच होता, पुन्हा असं युद्ध होऊ नये म्हणून काय करायचं? गंमत म्हणजे त्याच १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा नवा विभाग सोपवला गेला. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत म्युनिकमध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने विद्यार्थ्यांपुढे राज्यसंस्थेची ती व्याख्या मांडली, ठरावीक प्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संस्था. ती व्याख्या तुमच्या लेकीला दोन्ही विभागांत पहिल्याच वर्षी भेटेल. एकीकडे तिच्यावरून सीमा आणि सैन्याकडे नेतील, दुसरीकडे पोलीस, शाळा आणि जन्मदाखल्याकडे.

ह्यांना मी एक उदाहरण सांगेन. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक शिवणकामगार होती, त्यात बायका जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत घेतलं.

इथे थांबून पाहा. एकाच इमारतीतली बँकेची माणसं घरी राहिली आणि शिवणाऱ्या बायका जिना चढल्या, असं का? इथून समाजशास्त्र सुरू होतं. खेड्यातून आलेल्या, महिनाअखेरच्या पगारावर घर चालणाऱ्या, संघटना नसलेल्या बाईला ‘मी आज येत नाही’ म्हणता येतं का? तिच्या कमाईवर गावाकडे कोण कोण अवलंबून आहे? मुकादमाशी ती कुठल्या भाषेत, कुठल्या हुद्द्यावरून बोलते?

आता दुसरा प्रश्न. त्या इमारतीत शिवलेले कपडे ज्या देशांत विकले जात, तिथल्या कंपन्या आणि सरकारं यांची जबाबदारी कुठवर? मे २०१३ मध्ये अनेक ब्रँड आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांनी इमारतींच्या सुरक्षिततेसाठी कायद्याने बांधून घेणारा करार केला. जूनमध्ये अमेरिकेने बांगलादेशाची व्यापारसवलत स्थगित केली. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण ती सवलत तयार कपड्यांना मुळात जवळपास लागूच नव्हती. मग त्या निर्णयाने नेमकं कुणाला, काय सांगितलं? हे आंतरराष्ट्रीय संबंधांचं क्षेत्र. नुसतं समाजशास्त्र शिकलेला हा दुसरा परिच्छेद चुकवतो, नुसतं राजकारण शिकलेल्याला जिन्यावरची बाई दिसत नाही. दोन्ही दिसणारं माणूस हवं असेल तर ही जोडी अर्धी अर्धी नाही.

अर्थात विद्यापीठाने ती खरोखर जोडून शिकवली तर. म्हणून पदवीचं नाव बाजूला ठेवा आणि लेकीला म्हणा, तिन्ही वर्षांच्या मॉड्यूलची, म्हणजे शिकवल्या जाणाऱ्या एकेका विषयाची, यादी दाखव.

नावात एक शब्द मात्र नक्की वाचा. ब्रिटनमध्ये दोन विषयांच्या मध्ये ‘अँड’ असेल तर साधारण निम्मं निम्मं असतं, ‘विथ’ असेल तर पहिला विषय मुख्य आणि दुसरा तोंडी लावण्यापुरता. अर्जाच्या दिवशी मुलं हा फरक बघतसुद्धा नाहीत, मग दुसऱ्या वर्षी रडतात. इंग्लंडमध्ये वर्षाला १२० क्रेडिट आणि तीन वर्षांचे ३६० असतात, तेव्हा कुठल्या विषयाला किती क्रेडिट हे सरळ मोजता येतं. त्यातले सक्तीचे किती आणि निवडीचे किती, हेही मोजा. दोन्ही विभागांचे सक्तीचे विषय एकत्र आले की निवडीला जागाच उरत नाही, आणि स्थलांतर किंवा विकासासारखे रसाळ विषय तर बहुतेक निवडीतच असतात.

मग संशोधन पद्धती शोधा. माझा सगळा आग्रह या एका मॉड्यूलवर आहे. मुलाखत कशी घ्यायची, सर्वेक्षणातला प्रश्न कसा लिहायचा, नमुना कसा निवडायचा, दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं का म्हणता येत नाही, हे तिथे शिकवतात. आर, स्टाटा किंवा एसपीएसएस यांपैकी आकडेवारीचं एखादं सॉफ्टवेअर हातात येतं. ब्रिटनमधल्या सामाजिक शास्त्रांच्या पदवीधरांची आकडेवारी कच्ची राहते ही तक्रार इतकी जुनी होती की २०१३ मध्ये नफील्ड फाउंडेशन आणि इतर संस्थांनी मिळून आकडेवारी शिकवण्यासाठी क्यू-स्टेप नावाचा खास कार्यक्रम काढला आणि निवडक विद्यापीठांत त्याची केंद्रं उभी केली. संयुक्त पदवीत बऱ्याचदा नेमकं हेच मॉड्यूल ‘ऐच्छिक’ करून टाकलेलं असतं, आणि गणित टळलं म्हणून मुलं खूश होतात. टाळू देऊ नका. ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ पाहायला बोलावतात त्या दिवशी, ह्यांनी हात वर करून विचारावं, ‘संयुक्त पदवीच्या मुलांना पद्धतींचा विषय सक्तीचा आहे का, आणि डिसर्टेशनला (शेवटच्या वर्षीच्या प्रबंधाला) मार्गदर्शक कुठल्या विभागाचा?’ या प्रश्नाला कोण कसं उत्तर देतं त्यावरून दोन विभाग एकमेकांशी बोलतात की नाही ते तिथल्या तिथे कळतं. मी पाहिलंय, एका ठिकाणी दोन्ही टेबलांवरची माणसं एकमेकांकडे बोट दाखवत होती.

पदवीत एखादी परकी भाषा शिकायची सोय असेल तर तीही घ्यावी. आणि तिला घरात मराठी येते हे अर्जात लिहायला लाजू नये. मुलाखती घेऊन संशोधन करणाऱ्याला आणखी एक भाषा म्हणजे आणखी एक दार. पण ‘समजते, बोलता येत नाही’ अशी मराठी असेल तर तसंच लिहावं.

नोकरी. ‘डिप्लोमॅट होईल’ किंवा ‘यूएनमध्ये जाईल’ ही दोनच चित्रं आपल्या घरांत असतात, म्हणून आधी तीच पाहू. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागतं. ते घेतलं आणि भारताचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) काढलं, तर त्या कार्डावर भारतीय सरकारी सेवेत जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, राहण्याखाण्याचा खर्च आपला. तिथल्या तरुणांसाठीच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमला वयाची अट ३२ पर्यंत आणि त्या वर्षीच्या सहभागी देशांपैकी एकाचं नागरिकत्व हवं. तेव्हा पासपोर्टचा निर्णय ‘बघू नंतर’ म्हणून ठेवला असेल, तर या वाटेवर तो नंतरचा राहत नाही. उलट एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ब्रिटनच्या बाकीच्या सिव्हिल सर्व्हिसमधली, ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव नसलेली बरीच पदं राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना खुली असतात, काम करण्याचा हक्क असला म्हणजे झालं. भारतीय पासपोर्टवाली मुलंही त्यात आली.

पण बहुतेक मुलं या दोन चित्रांत कुठेच नसतात. कुणी स्थानिक कौन्सिलमध्ये घरांच्या धोरणावर, कुणी धर्मादाय संस्थेत, कुणी बाजार-संशोधनात, कुणी कंपन्यांच्या पुरवठा साखळीत कामगारांची स्थिती तपासायला, कुणी पत्रकारितेत, कुणी पुढे कायदा करून वकिलीत. पदवीच्या नावाची पाटी या दारांवर नसते, त्यामुळे पहिली नोकरी शोधायला इंजिनिअरिंगच्या मुलापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. हे मी गोड करून सांगणार नाही. मधलं एक वर्ष प्लेसमेंटचं, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याचं, असलेला अभ्यासक्रम मिळाला तर मी तो आधी निवडेन.

वाचन भयंकर असतं, आणि वर्गाचे तास आठवड्याला मोजके. ‘कॉलेज कमी, घरीच जास्त’ म्हणून तुम्हाला वाटेल पोरगी रिकामी आहे. रिकामी नसते. आणि पहिल्या सत्रानंतर ती तुमच्या फोनवरचे फॉरवर्ड वाचून ‘हे कुणी मोजलं, कसं मोजलं?’ विचारायला लागेल. ह्यांना सांगून ठेवा, वाद घालते म्हणजे उर्मट झाली असं नाही. फीचे पैसे तिकडेच लागताहेत.

राहिला अर्ज. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसच्या (ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या) पर्सनल स्टेटमेंटमध्ये एक सलग निबंध नाही, तीन प्रश्न आहेत, आणि पहिला हाच की हा विषय का? तिथे ‘मला जग बदलायचंय’ लिहिणारी मुलं ढिगाने. तुमच्या लेकीकडे त्याहून चांगलं उत्तर आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०१२ पासून परदेशातल्या वयस्क आईवडिलांना बोलावण्याचे नियम फार कडक झाले. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या जगण्यात दीर्घकाळ मदत लागते, आणि ती मदत त्यांच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. आता पाहा, म्हाताऱ्या माणसाला सांभाळणं हे कुणाचं काम, मुलाचं, सुनेचं, बाजाराचं की सरकारचं? पैसे पाठवणारा मुलगा असला की ‘परवडतं’ असा अर्थ निघतो का? आणि शिकलेला मुलगा हवा पण त्याची आई नको, हे एखादा देश कसं ठरवतो? दोन्ही विभागांचे सगळे तास या तीन प्रश्नांत बसतात.

आजीच्या दुःखाची गोष्ट मात्र तिने सांगू नये. सांगायचं ते एवढंच, की नियमातलं कुठलं वाक्य वाचून तिला प्रश्न पडला आणि मग तिने काय वाचलं, कुणाला विचारलं. त्यासाठी तो नकाराचा कागद लागेल. कपाटात सगळ्यात खाली ठेवला असेल, काढून तिच्या हातात द्या.